दाट जंगल, तीन हजार मिलिमीटर पाऊस, तरी माणशी एक बादली: अंदमानचं पाणी जातं कुठं?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही मार्चमध्ये घरच्यांना घेऊन अंदमानला गेलात. पोर्ट ब्लेअरच्या लॉजमध्ये न्हाणीघराच्या दारावर ‘पाणी जपून वापरा’ अशी पाटी होती आणि सकाळी माणशी एक बादली मिळायची. खिडकीतून बघावं तर डोंगरच्या डोंगर हिरवेगार. कोल्हापूरला परत आल्यावर आठवीच्या वर्गात तुम्ही फोटो दाखवले, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “सर, झाडं पाणी धरून ठेवतात असं तुम्हीच शिकवलंत. मग तिथलं पाणी गेलं कुठं?” तिला काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात राहते आणि गेली २६ वर्षं भूजलाचं काम करते. विहिरीला जागा दाखवणं, झरे मोजणं, गावाच्या पाणी योजनेआधी खडक तपासणं हे माझं रोजचं काम. त्याच कामानिमित्त चार वेळा अंदमानात राहिले, त्यातला एक मुक्काम पूर्ण उन्हाळ्याचा. त्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला, कारण पाण्याच्या कामातली सगळ्यात मोठी गफलत तिनं एका वाक्यात पकडलीय. झाडं म्हणजे पाणी, हे समीकरण आपण इतक्यांदा म्हणतो की त्याच्या आत काय घडतं ते बघायचं राहून जातं.

माझ्या मते प्रश्न असा विचारायला हवा: आभाळातून पडलेलं पाणी समुद्राला मिळायच्या आधी वाटेत कुठं थांबतं, आणि किती दिवस थांबतं? पाऊस किती झाला आणि झाडी किती आहे, हे दोन आकडे त्याचं उत्तर देत नाहीत. उत्तर उतारात, खडकात, मातीच्या जाडीत आणि कॅलेंडरात असतं.

एक गोष्ट आधीच कबूल करते. ‘अंदमान’ म्हणून सरसकट काही सांगता येत नाही. डोंगराळ दक्षिण अंदमानचं पाणी वेगळं आणि सपाट, प्रवाळी शहीद द्वीपाचं (जुनं नाव नील) वेगळं. एकाच बेटावरही खडक बदलला की विहिरीचं नशीब बदलतं. म्हणून खाली बहुतेक सगळं मी दक्षिण अंदमानबद्दल, म्हणजे पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांबद्दल सांगतेय. सपाट बेटांचं नंतर वेगळं सांगते.

आकारापासून सुरुवात करू. कोल्हापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर. निकोबार सोडून सगळी अंदमान बेटं एकत्र केली तर भरतात ६,४०८. म्हणजे नकाशावर एवढी लांबलचक दिसणारी बेटांची माळ आपल्या एका जिल्ह्यात मावते आणि वर जागा उरते. वर्गात हे सांगितलंत की मुलांना एकदम अंदाज येतो. पण आपला जिल्हा ऐसपैस पसरलाय आणि ही बेटं काकडीसारखी उभी आहेत. उत्तर-दक्षिण लांबी ४६७ किलोमीटर, सरासरी रुंदी फक्त २४. म्हणजे कोल्हापुरातून निघून पन्हाळ्याच्या थोडं पुढं गेलं की बेट संपलं आणि समुद्र लागला.

आता आपल्याकडचा पावसाचा थेंब आठवा. दाजीपूरच्या जंगलात पडला की तो भोगावतीत येतो, राधानगरीच्या धरणात थांबतो, प्रयाग चिखलीला पंचगंगेत मिसळतो, तिथून नृसिंहवाडीपर्यंत ऐंशीएक किलोमीटर जातो, कृष्णेला मिळतो आणि मग हजार किलोमीटरहून लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात पोचतो. वाटेत किती बंधारे, किती विहिरी, किती उसाचे फड त्याला अडवतात! अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यालाही तोच बंगालचा उपसागर आहे. फरक एवढाच की तिथल्या डोंगरावर सकाळी पडलेला थेंब दुपारपर्यंत समुद्रात गेलेला असतो. नदी म्हणावी असे प्रवाह तिथं मोजकेच. उत्तर अंदमानात कल्पोंग आहे, तिच्यावर ५.२५ मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्पही आहे. बाकी बहुतेक नाले. पावसाळ्यात फेसाळत धावतात आणि फेब्रुवारीत त्यांच्या गोट्यांवरून कोरड्या चपलांनी चालता येतं.

याला लांब जायलाच नको. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात गेलात की हेच दिसतं. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, हिरवेगार डोंगर, आणि मे महिन्यात कितीतरी वाड्यांवर टँकर. सह्याद्रीपासून समुद्र जवळ आणि उतार खडा, त्यामुळं पाण्याला थांबायला सवड नाही. अंदमान म्हणजे दोन्ही बाजूंना कोकण असलेला डोंगर समजा. मधला देश नाहीच.

आता खडक. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या लेखी अर्धं उत्तर इथं आहे.

आपल्याकडचा काळा पाषाण लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्यावर पन्हाळ्याच्या, मसाई पठाराच्या माथ्यावर जांभ्याची टोपी. काळा पाषाण अखंड असेल तर पाणी घेत नाही, पण त्याच्या भेगांत, मुरमात आणि मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांच्या, मऊ खडकाच्या थरात पाणी साठतं. आपल्या विहिरी त्याच्यावर चालतात. अंदमानचा जन्म वेगळ्या पद्धतीचा. तिथं भारतीय भूपट्ट पूर्वेला बर्माच्या छोट्या भूपट्टाखाली सरकतोय. सरकताना समुद्रतळावरचा गाळ खरवडून वर येतो. तव्याला चिकटलेलं थालीपीठ उलथन्यानं काढताना त्याच्या जशा चुण्या पडून ढीग होतो, तसा हा ढीग समुद्राच्या वर आला आणि त्याचे डोंगर झाले. म्हणून दक्षिण अंदमानात रस्त्याकडेला डोंगर कापलेला दिसला की त्यात थरावर थर असतात: एक वालुकाश्माचा, एक शेलचा (म्हणजे बारीक चिखल दबून झालेल्या खडकाचा), पुन्हा वालुकाश्म, पुन्हा शेल. आणि हे थर आडवे नसतात. तिरपे, कुठं कुठं जवळजवळ उभे.

पहिल्या फेरीत मी अशा एका कापातून शेलचा हाताच्या पंजाएवढा तुकडा आणला. करडा, कोरडा, हातात चांगला टणक वाटणारा. घरी आल्यावर काचेच्या पेल्यात पाणी घालून त्यात तो सोडला. दुसऱ्या पेल्यात जोतिबाच्या डोंगराचा काळ्या पाषाणाचा खडा. पहिल्या पाचच मिनिटांत शेलच्या कडांवरून बारीक बुडबुडे यायला लागले आणि पापुद्रे सुटायला लागले. रात्री तशीच झोपले. सकाळी पहिल्या पेल्यात तळाला दोन बोटं गुळगुळीत चिखल आणि वर गढूळ पाणी. जोतिबाचा खडा होता तसाच. तो चिखल मी बोटांत चोळून बघितला, कुंभाराच्या मातीसारखा चिकट. असा खडक झिजून जी माती होते ती पाण्याला आत घ्यायच्या ऐवजी तोंड मिटून बसते. वालुकाश्मात पाणी मुरायला हवं, पण अंदमानातला तो बराचसा चिकणमातीनंच बांधलेला, आणि वर-खाली शेलच्या भिंती. त्यामुळं या भागात विहीर खणली तर पावसाळ्यात तुडुंब आणि उन्हाळ्यात घागर भरायला अर्धा तास, अशी गत.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. याच बेटावर हिरवट-काळा, हाताला तेलकट लागणारा, सापाच्या कातडीसारख्या रेषांचा खडक काही पट्ट्यांत आढळतो. तो जुन्या समुद्रतळाचा तुकडा, डोंगर होताना वर ढकलला गेलेला. त्याला भेगा फार. त्या भेगांत पाणी साठतं आणि उन्हाळ्यातही टिकणारे झरे बहुधा अशाच खडकातून निघतात. एकाच पावसाखाली, एकाच जंगलाखाली दोन डोंगर शेजारी उभे. एकाच्या पायथ्याला एप्रिलमध्येही झुळझुळ पाणी, दुसऱ्याच्या पायथ्याला सुकलेला नाला. झाडी दोन्हीकडे सारखीच होती. त्या मुलीला हे नक्की सांगा.

आता तिच्या प्रश्नाचा गाभा, जंगल.

अंदमान-निकोबारच्या जमिनीपैकी ८० टक्क्यांहून जास्त भागावर जंगल आहे. आत डोंगरांवर गर्जनची सरळसोट, पन्नास-पन्नास हात उंच झाडं. जरा कोरड्या उतारांवर पडौक, ज्याच्या लाल लाकडाची ख्याती जगभर आहे. चॅथम बेटावरची लाकूड गिरणी १८८३ सालची, ती या लाकडावरच उभी राहिली. किनाऱ्याला लागून करंज, देशी बदाम, समुद्री मोह, केवडा. खाड्यांच्या तोंडाशी खारफुटी, सुमारे ६०० चौरस किलोमीटर. कोल्हापूरच्या माणसाला त्या जंगलात उभं राहिल्यावर वाटतं, एवढी झाडी म्हणजे खाली किती खोल, किती सुपीक माती असेल!

माझाही तोच समज होता. एकदा वादळात पडलेलं एक मोठं झाड आडवं झालेलं बघितलं. मुळांचा गड्डा जमिनीतून उपटून उभा राहिला होता, एखाद्या खोलीच्या भिंतीएवढा रुंद. मी टेप लावला. खोली माझ्या कमरेपर्यंतही नव्हती. त्याच्याखाली लगेच तो करडा शेल. म्हणूनच त्या झाडांच्या बुंध्याला चारी बाजूंनी फळ्या उभ्या केल्यासारखी आधारमुळं असतात. खाली पाय रोवायला जागा नाही, मग झाड आडवं पसरून तोल सांभाळतं. उष्ण-दमट हवेत पान पडलं की काही महिन्यांत कुजून जातं आणि त्यातलं सत्त्व झाड पुन्हा ओढून घेतं. जंगलाची श्रीमंती जमिनीत साठलेली नाही, ती झाडाझाडांतून फिरत राहते. पाण्याचंही तसंच. कमरेएवढ्या मातीत मावणार तरी किती?

शिवाय जंगल स्वतः पाणी पितं. हे आपण मुलांना सांगतच नाही. सदाहरित जंगल वर्षभर पानांतून वाफ सोडतं, पानांवर अडलेला पाऊस परस्पर वाळून जातो. अशा जंगलांत वर्षाला साधारण हजार ते दीड हजार मिलिमीटर पाणी या वाटेनं हवेत परततं. तीन हजारांपैकी हा वाटा आधीच वजा झाला. आणि जानेवारीनंतर पाऊस थांबतो तेव्हाही झाडं पीतच असतात, त्याच पातळ मातीतलं शिल्लक पाणी.

मग जंगल तोडलं तर पाणी वाढेल का? हा प्रश्न मला खरोखर विचारला गेलाय, आणि विचारणारा माणूस शहाणा होता, म्हणून सरळ उत्तर देते. वर्षभराचा एकूण हिशेब केला तर जंगल तोडल्यावर ओढ्यातून वाहून जाणारं पाणी बहुतेक वेळा वाढतं, जगभरच्या प्रयोगांत ते दिसलंय. पण वाढतं ते पावसाळ्यात, जेव्हा कुणालाही नको असतं. आणि ते येतं चिखल घेऊन. शेलची ती पेल्यातली गत आठवा. झाडांचा पाचोळा आणि मुळांची जाळी गेली की पावसाचा मारा थेट त्या मातीवर, आणि माती थेट धरणात. पोर्ट ब्लेअरची तहान मुख्यतः धनिखाडीच्या धरणावर भागते. ते धरण जंगलाच्या कुशीत आहे म्हणून त्यात गाळ कमी येतो. गाळानं धरण उथळ झालं तर तेवढी जागा कायमची गेली. म्हणजे जंगल पाण्याचं मापटं वाढवत नाही, पण ते पाणी निवळ ठेवतं, पुराचा जोर मोडतं, आणि जे थोडं मुरायचं ते मुरू देतं. मला विचाराल तर एवढ्या कामासाठीही एकेक झाड राखायला हवं. फक्त त्याच्याकडून टाकीचं काम मागू नये.

आता कॅलेंडर. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस आणि मग आठ महिने उघडीप. अंदमानला दोन्ही मोसमी वारे भेटतात. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य, ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य. साताठ महिने आभाळ गळतंच. उरतात जानेवारी ते एप्रिल. ऐकायला चारच महिने, पण साठवण नसलेल्या जमिनीला ते पुष्कळ झाले. आणि नेमके तेच महिने पर्यटकांचे. समुद्र शांत, आभाळ निळं, मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या. तुम्ही गेलात तो मार्च. माणसांची गर्दीही एकाच ठिकाणी. २०११ च्या जनगणनेत सगळ्या अंदमान-निकोबारची वस्ती ३.८० लाख, आपल्या जिल्ह्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण त्यातले २.३८ लाख एकट्या दक्षिण अंदमान जिल्ह्यात. तुमच्या बादलीचं गणित इथं जुळतं: साठवण थोडी, महिना कोरडा आणि माणसं एका टोकाला दाटलेली.

किनाऱ्याजवळ आणखी एक अडचण येते, आणि तिथं माझ्या हातून एक चूक झाली होती. एका वस्तीसाठी विहिरीची जागा बघायची होती. मी आपल्याकडच्या सवयीनं दरीच्या तोंडाशी, दोन नाले एकत्र येतात तिथं जागा दाखवली. कोल्हापुरात ही जागा सहसा दगा देत नाही. डिसेंबरात पाणी लागलं, गोड आणि भरपूर. मार्चअखेर तिथल्या एका मावशींचा निरोप आला की चहा फाटतोय. जाऊन तोंडात घेतलं तर मचूळ. त्या दरीचं तोंड खाडीपासून फार लांब नव्हतं. पावसाळ्यात डोंगराकडून येणारं गोडं पाणी खारं पाणी मागं रेटून धरत होतं. नाला आटला, उपसा वाढला, आणि भरतीचं पाणी वाळूतून आत सरकलं. दोन दिवस मी भरतीला आणि ओहोटीला टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, लावून बसले. पाण्याचा खारेपणा समुद्राच्या श्वासाबरोबर वरखाली होत होता. तेव्हापासून किनाऱ्यालगत जागा दाखवताना मी आधी भरतीरेषा बघते, मग दरी. ती विहीर नंतर फक्त धुण्याभांड्याला वापरली गेली, आणि वस्तीला पाणी वरच्या अंगाच्या एका झऱ्यावरून नळानं आणलं.

त्यात ही जमीन स्थिर नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात, त्सुनामीच्या लाटा येण्याआधीच, बेटं हलली होती. उत्तर अंदमानचा पश्चिम किनारा मीटरभर वर उचलला गेला, प्रवाळ उघडे पडून मेले. दक्षिण अंदमान साधारण मीटरभर खाली बसलं. पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली ती गेलीच. आज तिथं पाण्यात उभे वाळके बुंधे आणि बगळे दिसतात. निकोबारच्या दक्षिण टोकाचं इंदिरा पॉइंट तर सव्वाचार मीटर खचलं. मीटरभर म्हणजे किती, हे मुलांना वर्गातल्या बाकाची उंची दाखवून सांगा. सपाट किनाऱ्यावर समुद्र तेवढा चढला तर तो शेतात किती आत येईल, ते मग त्यांचं त्यांनाच कळेल.

सपाट बेटांचं सांगते म्हटलं होतं. शहीद द्वीपासारखी बेटं बरीचशी प्रवाळाच्या चुनखडकाची. तिथं उंच डोंगर नाहीत, खडक मात्र चाळणीसारखा. पाऊस सरळ आत जातो आणि खाली समुद्राचं जड खारं पाणी असतं, त्याच्यावर तरंगत राहतो. मध्ये जाड, कडेला पातळ, भिंगाच्या आकाराचा गोड्या पाण्याचा साठा तयार होतो. डच अभियंता घायबेन यानं १८८८ च्या सुमारास आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग यानं १९०१ मध्ये याचं गणित मांडलं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, म्हणून गोडं पाणी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर खाली चाळीस मीटर असतं. छान वाटतं, पण हेच गणित उलटंही चालतं. उपसून पातळी एक फूट खाली नेली की खालचं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. म्हणून अशा बेटावर खोल बोअर मारणं म्हणजे आपल्या हातानं मीठ वर ओढणं. उथळ विहिरी, लांब लांब अंतरावर, आणि थोडा थोडा उपसा, हेच खरं. पोर्ट ब्लेअरच्या बाजारातली बरीच भाजी शहीद द्वीपावरून येते, ती या पातळ भिंगाच्या जिवावर.

तर त्या मुलीला सांगायचं झालं तर मी असं सांगेन: पाऊस भरपूर पडतो, पण बेट अरुंद आणि उतार खडा असल्यानं तो लगेच समुद्राला जातो. खालचा खडक बहुतेक ठिकाणी पाणी साठवत नाही. जंगलाची माती पातळ आहे, ती पाणी गाळते आणि सावकाश सोडते, पण चार कोरडे महिने पुरेल एवढं तिच्यात मावत नाही. आणि माणसांची गर्दी नेमकी त्या चार महिन्यांत, एकाच कोपऱ्यात होते. तू शिकलीस ते चूक नव्हतं, अपुरं होतं.

वर्गात दोन गोष्टी करून बघा. पहिली, छपराचं गणित. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि तीन मीटर पाऊस म्हणजे तीनशे घनमीटर, तीन लाख लिटर. गळती-सांडणी जाऊन अडीच लाखाच्या आत-बाहेर धरा. चार माणसांच्या घराला माणशी शंभर लिटरप्रमाणे चार कोरड्या महिन्यांना ४८ हजार लिटर लागतात. म्हणजे पाच मीटर लांब, चार रुंद आणि अडीच खोल अशी टाकी घराखाली असेल तर ते घर एप्रिलपर्यंत कुणाच्या नळाकडं बघणार नाही. जे काम खडक करत नाही ते टाकीनं करायचं. तेच छप्पर कोल्हापूर शहरात असेल तर पाऊस हजाराच्या आसपास, म्हणजे लाखभर लिटर, पण कोरडे महिने आठ. मुलांना दोन्ही टाक्या काढायला लावा. आपल्या घराला मोठी टाकी लागते, हे बघून ती चक्रावतात.

दुसरी गोष्ट प्रयोगाची. दोन लिटरच्या तीन रिकाम्या बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापा, तोंडाकडून जरा उतार द्या आणि तोंडाखाली पेले ठेवा. एकीत बागेतली माती आणि वर जाड पाचोळा, दुसरीत तीच माती उघडी, तिसरीत शिरोळकडची काळी चिकण माती. तिन्हींवर झारीनं सारखंच, अर्धा-अर्धा लिटर पाणी घाला. पेल्यात किती पाणी आलं, किती वेळात आलं आणि त्याचा रंग कसा, हे वहीत लिहायला सांगा. पाचोळ्याच्या बाटलीतून थोडं आणि निवळ पाणी येईल आणि वर्ग खूश होईल, कारण तुम्ही शिकवलेलं खरं ठरलं.

पण तिथं थांबू नका. त्याच बाटल्यांवर सलग चार दिवस पाणी घाला. चौथ्या दिवशी पाचोळ्याच्या बाटलीची मातीही भरून गेलेली असेल, आणि घातलेलं जवळजवळ सगळं पाणी पेल्यात उतरेल, निवळ पण सगळं. मग पाणी घालायचं बंद करा, बाटल्या उन्हात ठेवा आणि आणखी चार दिवसांनी त्या मुलीलाच बोट घालून माती बघायला सांगा. तोवर तिच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही सांगून टाकू नका.